महाधमनी फाटते तेव्हा: पहिल्या कळेपासून पहिल्या टाक्यापर्यंत

ॲक्यूट ॲओर्टिक डिसेक्शन या आजारात महाधमनीच्या भिंतीला आतून चीर पडते आणि रक्त भिंतीच्याच पोटात शिरतं. गेल्या सत्तर वर्षांत या आजाराची शस्त्रक्रिया जितकी पुढे गेली, तितकं त्याचं निदान गेलेलं नाही. छाती उघडून फाटका भाग कापायचा, तिथे विणलेली नळी शिवायची, तेवढा वेळ शरीराचं रक्ताभिसरण थांबवून फक्त मेंदूला रक्त देत राहायचं, हे मोठ्या हृदयशस्त्रक्रिया केंद्रांत आता बसवलेलं तंत्र आहे. पण रुग्ण त्या टेबलावर पोचायचा, तर आधी कुणाला तरी शंका यावी लागते. घोडं अडतं ते तिथेच.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभं राहून हा प्रश्न पाहिला की त्याचे सगळे कोपरे दिसतात. टॉवेल-चादरींचे कारखाने, यंत्रमागांचा खडखडाट, रात्रपाळ्या, तंबाखूची पुडी, त्याच रस्त्यावर पुढे कुंभारीकडे बिडी कामगारांच्या हजारो घरांच्या वसाहती. शहरात सिव्हिल आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी आणि सहकारी रुग्णालयं आहेत. धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपुराकडचे रुग्णही इथे येतात. पुणे मात्र अडीचशे किलोमीटरवर आणि हैदराबाद तीनशेच्या पुढे.

पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत हा आजार वर्षाला लाख लोकसंख्येमागे साधारण ३ ते ६ जणांना होतो. २०११च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. तोच दर इथे लावला, तर जिल्ह्यात वर्षाला किमान सव्वाशे रुग्ण निघतात. दर परदेशी आहे म्हणून आकडा निम्मा करा, तरी आठवड्याला एकाहून जास्त. एवढे रुग्ण या निदानाने नोंदले जाताना दिसत नसतील, तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली नोंदले जात असणार. बहुधा ‘अटॅक’ या नावाखाली.

भिंतीच्या आत

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या महारोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या रक्तदाबाने किंवा जन्मजात दोषाने मधला थर कमकुवत झालेला असतो. एके दिवशी आतला थर चिरतो आणि प्रत्येक ठोक्याला रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसतं. जुन्या गोधडीचं अस्तर उसवत जावं तसा आतला थर सुटत जातो आणि एका नळीच्या दोन होतात, एक खरी आणि एक खोटी. खोटी नळी फुगली की खरी दबते. मग वाटेत जी शाखा येईल तिचं रक्त तुटतं: हृदयाच्या धमन्या, मेंदूच्या, हाताच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या, पायाच्या. भिंत बाहेरच्या बाजूने फुटून रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचलं, तर काही मिनिटांत खेळ संपतो. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी असाच गेला. फ्रँक निकोल्स या वैद्याने केलेलं त्याचं शवविच्छेदन ही या आजाराची पहिली नीट नोंद मानली जाते.

उपचार ठरतो तो चीर कुठे आहे यावर. अमेरिकी सर्जन मायकेल डिबेकी यांनी १९६५मध्ये तीन प्रकारांची वर्गवारी मांडली. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९७०मध्ये ती दोनांवर आणली. हृदयालगतची चढती महाधमनी फाटली असेल तर टाइप ए, ती वाचली असेल तर टाइप बी. टाइप ए म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया. टाइप बीमध्ये बहुतेकदा आधी औषधं.

निदान का हुकतं

या आजाराबद्दलची सर्वांत मोठी माहिती ‘आयरॅड’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून आली. ती १९९६मध्ये सुरू झाली आणि २०००मध्ये ४६४ रुग्णांचा पहिला मोठा अहवाल निघाला. त्यातले ७२ टक्के रुग्ण उच्च रक्तदाबाचे होते. ८५ टक्क्यांना कळ एकदम आली होती. पण पाठ्यपुस्तकातली ‘फाडल्यासारखी’ कळ जेमतेम निम्म्यांनी सांगितली. छातीत दुखत होतं ७३ टक्क्यांना, पाठीत ५३ टक्क्यांना, पोटात ३० टक्क्यांना. नाडी गायब किंवा क्षीण असण्याची खूण फक्त १५ टक्क्यांत सापडली. ईसीजी ३१ टक्क्यांचा चक्क नॉर्मल होता आणि छातीचा एक्स-रेही १२ टक्क्यांचा. सुमारे ६ टक्के रुग्णांना दुखतच नाही. ते थेट चक्कर, लकवा किंवा बेशुद्धी घेऊन येतात.

आता हेच आकडे रात्रपाळीत आणून ठेवा. मागावर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या कामगाराला पहाटे एकदम पाठीत कळ आली, तर शेजारचा म्हणणार, उसण भरली. पोटात आली तर पित्त, गॅस. कुणी सोडा आणून देईल, कुणी बाम चोळेल. घाम फुटला, छाती धरली, तर मात्र सगळ्यांना एकच गोष्ट सुचते, अटॅक. आणि ती शंका सर्वस्वी चूकही नसते, कारण छातीदुखीच्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका डिसेक्शनपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. अवघड भाग पुढेच आहे. चीर उजव्या हृदयधमनीच्या तोंडापर्यंत गेली, तर ईसीजी हुबेहूब झटक्याचा येतो. मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या जातात आणि जिथे अँजिओप्लास्टीची सोय नाही तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही. झटक्यात जीव वाचवणारं तेच औषध फाटलेल्या महाधमनीत रक्तस्रावाला दार उघडून देतं.

ही चूक आडगावची नाही. ‘रेंट’ या संगीतिकेचे लेखक जोनाथन लार्सन १९९६च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णालयांत जाऊन आले. एकीकडे अन्नविषबाधा सांगितली, दुसरीकडे विषाणूचा ताप. काही दिवसांत, ३५व्या वर्षी, ते गेले. अभिनेते जॉन रिटर यांच्यावर २००३मध्ये हृदयविकाराचा झटका समजून उपचार झाले. त्यांच्या कुटुंबाने पुढे याच आजाराच्या जागृतीसाठी संस्था काढली.

शंकेपासून सीटीपर्यंत

शंका घेण्याची पद्धत आता बरीच नेमकी झाली आहे. २०१०च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने तीन प्रश्न पुढे ठेवले. रुग्णाची पार्श्वभूमी धोक्याची आहे का: मार्फान सिंड्रोमसारखा जन्मजात दोष, घरात कुणाला महाधमनीचा आजार, झडपेचा दोष, महाधमनीवर नुकतीच झालेली शस्त्रक्रिया? कळ एकदम, असह्य किंवा फाडणारी होती का? तपासताना नाडीत फरक, दोन हातांच्या दाबात २०हून अधिक तफावत, झडपेतून नवी घरघर, दुखण्यासोबत लकवा किंवा शॉक आढळतो का? ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, त्याचा एक गुण. दोन किंवा तीन गुण झाले तर वेळ न दवडता सीटी.

यातलं दोन्ही हातांचा दाब मोजणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. बाह्यरुग्ण विभागात पट्टा एकाच दंडाला बांधतात, तोही शर्टाच्या बाहीवरून. उजव्या हाताला १८०, डाव्याला १३० असा फरक निघाला, तर सीटीची चिठ्ठी तिथेच लिहायला हवी. आपल्याकडे याला एक पुरवणी आहे. तरुण बाईच्या दोन हातांच्या दाबात फरक असेल, तर टाकायासु आजारही मनात आणावा लागतो. महाधमनी आणि तिच्या शाखा सुजून अरुंद होण्याच्या या आजारावर मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन, डॉ. एस. जी. किनरे, डॉ. जी. बी. परुळकर यांनी १९६०च्या दशकापासून मूलभूत काम केलं. १९७२मध्ये त्यावर त्यांचा ग्रंथही निघाला. महाधमनीच्या अभ्यासाची महाराष्ट्रातली परंपरा अशी जुनी आहे.

रक्ताची डी-डायमर चाचणी हा वादाचा मुद्दा. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,८५० रुग्णांच्या ‘ॲडव्हाइज्ड’ अभ्यासात दिसलं की धोक्याचा गुण शून्य किंवा एक असेल आणि डी-डायमर ५००च्या खाली असेल, तर आजार हुकण्याचं प्रमाण हजारात तीनच्या आसपास राहतं. म्हणजे कमी शंकेच्या रुग्णाला सीटीपासून वाचवायला ही चाचणी चांगली. पण ती वाढण्याची कारणं पन्नास, त्यामुळे प्रत्येक छातीदुखीत सरसकट केली तर सीटीची रांग लागेल. आणि शंका दाट असताना तिच्या रिपोर्टसाठी थांबणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

खाटेजवळचा इको पाच मिनिटांत बरंच सांगतो: हृदयाभोवती पाणी, गळणारी झडप, महाधमनीचं फुगलेलं मूळ, कधी फडफडणारा सुटा पदरही. पण इकोत काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. निर्णायक चाचणी म्हणजे सीटी अँजिओग्राफी, मानेपासून जांघेपर्यंत. शक्य असेल तिथे ती ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून काढतात, नाहीतर हलत्या महाधमनीची सावली चिरेसारखी भासते. सोलापुरात सीटीची यंत्रं आहेत. म्हणजे इथे उणीव यंत्राची नाही, ते मागण्याच्या सवयीची आहे.

आधी औषध

निदान पक्कं होताच, शस्त्रक्रियेआधीच एक उपचार सुरू करता येतो आणि तो कुठल्याही अतिदक्षता विभागात शक्य आहे. मायरन व्हीट आणि सहकाऱ्यांनी १९६५मध्ये दाखवून दिलं की दाब आणि ठोक्याचा जोर उतरवला, की चिरेचं पसरणं रोखता येतं. आज लक्ष्य ठरलेलं आहे: नाडी ६०च्या आसपास, वरचा दाब १०० ते १२०. त्यासाठी आधी शिरेतून लॅबेटॅलॉल किंवा एस्मोलॉल, सोबत दुखणं थांबवायला मॉर्फिन किंवा फेंटॅनिल. क्रम महत्त्वाचा. बीटा-ब्लॉकर न देता नुसता दाब उतरवणारा ड्रिप लावला, तर नाडी उसळते आणि चिरेवरचा मारा वाढतो. दाब आधीच पडलेला असेल तर मात्र ही औषधं चालत नाहीत. तिथे सरळ शस्त्रक्रियेची घाई.

टेबलावर

टाइप एची शस्त्रक्रिया सहा-आठ तासांची. छातीचं हाड उभं कापतात, रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेतात, शरीर थंड करतात. रँडल ग्रीप यांनी १९७५मध्ये शरीर खोल गारठवून, रक्ताभिसरण थांबवून महाधमनीच्या कमानीची शस्त्रक्रिया करून दाखवली आणि या कामाचा पाया घातला. आज बहुतेक ठिकाणी तापमान तितकं खाली नेत नाहीत. उजव्या काखेतल्या धमनीतून मेंदूला रक्त चालू ठेवतात आणि बाकी शरीर काही वेळ बिनरक्ताचं राहतं. तेवढ्यात चिरेचा भाग कापायचा, सुटलेले थर फेल्टच्या पट्ट्यांत धरून एकत्र शिवायचे आणि मध्ये नळी जोडायची.

ही नळी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची. डिबेकी यांनी १९५०च्या दशकात ह्यूस्टनच्या दुकानात नायलॉन मिळालं नाही म्हणून डेक्रॉनचं कापड घेतलं आणि पहिल्या नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या. पुढे एका वस्त्रतंत्रज्ञाच्या मदतीने बिनशिवणीच्या नळ्या यंत्रावर निघू लागल्या. आजची नळी घट्ट विणीची असते, रक्त झिरपू नये म्हणून कोलॅजन किंवा जिलेटिनने भरलेली आणि वाकल्यावर मुडपू नये म्हणून चुण्या घातलेली. ताण्या-बाण्याची घनता चुकली की कापड कसं पाझरतं, हे अक्कलकोट रोडच्या कुठल्याही जॉबरला समजावून सांगावं लागणार नाही.

किती कापायचं, यावर मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, जीव वाचवा: चढता भाग आणि कमानीची खालची कड बदला आणि बाहेर या. दुसरी म्हणते, तरुण रुग्णात पूर्ण कमान बदलून पुढच्या भागात स्टेंट लावलेली नळी, ‘फ्रोझन एलिफंट ट्रंक’, सोडा, म्हणजे पुढे पुन्हा छाती उघडायला नको. झडपेचंही तसंच. बहुतेकदा ती जागेवर टांगून दुरुस्त होते. मूळच फाटलं असेल तर १९६८ची बेन्टॉल शस्त्रक्रिया, झडप आणि नळी एकत्र. झडप राखून मूळ बदलण्याची डेव्हिड शस्त्रक्रिया १९९२ची, सुंदर पण वेळखाऊ. मध्यरात्री, रक्त थांबत नसताना, साधी शस्त्रक्रिया नीट करणं हेच बहुतेक सर्जनांना शहाणपणाचं वाटतं.

आतडं किंवा पाय आधीच काळवंडला असेल, तर आधी तिथलं रक्त सुरू करायचं की आधी छाती, हा आणखी एक वाद. सध्याचा कल: बहुतेकांत आधी छाती, आतडं मरणपंथाला असेल तर काही केंद्रं उलटा क्रम धरतात.

वय हा एकटाच निकष मानत नाहीत, याचं उदाहरण खुद्द डिबेकी. ३१ डिसेंबर २००५ रोजी, ९७व्या वर्षी, त्यांचीच महाधमनी फाटली. आधी त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. प्रकृती ढासळून ते बोलण्यापलीकडे गेले, तेव्हा रुग्णालयाच्या नीतिसमितीत खल झाला आणि ९ फेब्रुवारी २००६ रोजी त्यांचेच सहकारी जॉर्ज नून यांनी शस्त्रक्रिया केली. पुढे ते दोन वर्षांहून अधिक जगले.

टाइप बी

इथे चित्र वेगळं. गुंतागुंत नसेल तर औषधांवर बहुतेक रुग्ण रुग्णालयातून घरी जातात. आयरॅडच्या पहिल्या अहवालात औषधांवरचा मृत्युदर १०.७ टक्के होता. गळती, तुटलेला रक्तपुरवठा किंवा न थांबणारं दुखणं असेल, तर जांघेतून स्टेंटची नळी नेऊन चीर झाकतात. हा मार्ग १९९९पासून रुळला. गुंतागुंत नसतानाही स्टेंट लावावा का? ‘इन्स्टेड’ चाचणीत दोन वर्षांनी फायदा दिसला नाही, पण पाच वर्षांनी महाधमनीच्या कारणाने झालेले मृत्यू १९.३ टक्क्यांवरून ६.९ टक्क्यांवर आलेले दिसले. रुग्ण अवघे १४० होते, त्यामुळे निवड अजून रुग्णागणिक होते.

पाठवायचं की थांबायचं

आता मूळ प्रश्नाकडे. टाइप ए रुग्ण तासाला एक ते दोन टक्के या वेगाने दगावतात, हे वाक्य डॉक्टरांच्या पिढ्यांनी पाठ केलं. त्याचा आधार १९५८च्या काळातल्या रुग्णांचा. आयरॅडच्या २०२२च्या विश्लेषणात, रुग्णालयात पोचलेल्या आणि औषधांवर ठेवलेल्या टाइप ए रुग्णांत पहिल्या ४८ तासांत हा वेग तासाला सुमारे अर्धा टक्का निघाला. रस्त्यातच गेलेले रुग्ण यात धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. तरी चार-पाच तासांच्या पुणे प्रवासाची किंमत या हिशोबाने दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास येते.

याच्या शेजारी दुसरे दोन आकडे ठेवा. आयरॅडच्याच रुग्णांत रुग्णालयात येण्यापासून निदानापर्यंतचा मध्यक वेळ ४.३ तास होता. म्हणजे सोलापूर ते पुणे जायला लागतो तेवढा वेळ नामांकित केंद्रांच्या रुग्णांतही निदानातच गेला. आणि अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या विमा नोंदींवरच्या २०१९च्या अभ्यासानुसार, ही शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्या रुग्णालयाकडे वळवलेल्या रुग्णांत मृत्यू सुमारे ७ टक्के गुणांनी कमी होते. शस्त्रक्रियेचा मृत्युदर आयरॅडमध्ये २५वरून १८ टक्क्यांवर उतरला, जपानच्या राष्ट्रीय नोंदीत तो १०च्या आसपास आहे. हा फरक हातांच्या सवयीचा आहे.

बेरीज सरळ आहे. दाब आणि नाडी ताब्यात असलेल्या, सीटी झालेल्या रुग्णाला सरावलेल्या चमूकडे पाठवणं हा पळपुटेपणा नव्हे, उपचाराचाच भाग आहे. हृदयाभोवती रक्त साचलं असेल, दाब पडत असेल, तर मात्र जवळच्या जवळ, जो सर्जन तयार असेल त्याच्याकडे. रस्त्याचे तास फारसे कमी होणार नाहीत. निदानाचे होऊ शकतात. त्यासाठी कोणत्या केंद्रात रात्री दोन वाजता अशी शस्त्रक्रिया होते, तिथला फोन कोण उचलतो, सीटीच्या प्रतिमा आधीच कशा पोचवायच्या, १०८च्या गाडीत शिरेतली औषधं चालू ठेवणारा डॉक्टर आहे का, हे रुग्ण यायच्या आधी ठरलेलं हवं. पैशाचंही तसंच: २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयचं कवच आहे, इतरांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं. पण कागद रुग्णवाहिकेच्या पुढे धावले तरच त्याचा उपयोग.

कारखान्याच्या दारात

सर्वांत स्वस्त शस्त्रक्रिया म्हणजे जी करावी लागत नाही ती. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांत उच्च रक्तदाब आढळला. महाधमनी ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की ती आधीच बदलावी, हा जुना नियम. २०२२मध्ये सरावलेल्या केंद्रांसाठी ती मर्यादा ५ वर आणली गेली. पण आयरॅडच्या टाइप ए रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांची महाधमनी ५.५पेक्षा लहानच होती. म्हणजे नुसतं माप घेऊन हा आजार गाठता येत नाही. रक्तदाब गाठावाच लागतो. ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी असं एकाएकी गेलं आहे, त्यांनी एकदा इको करून घ्यावा. महाधमनी फुगलेली असणाऱ्यांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीच्या गोळ्या दुसरा पर्याय असताना घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये दिला आहे. आणि वाचलेल्या रुग्णाला दाबाची गोळी व ठरावीक अंतराने सीटी जन्मभर, कारण बदललेल्या तुकड्यापलीकडची महाधमनी जुनीच असते.

एमआयडीसीतल्या कारखान्याला यासाठी हृदयरोगतज्ज्ञ नेमावा लागणार नाही. दाबाचं एक चांगलं यंत्र, पाळी सुरू होताना महिन्यातून एकदा मोजणी, वाढलेल्यांची यादी आणि त्यांची गोळी चुकत नाही ना हे विचारणारा एक माणूस, एवढं पुरतं. आणि कुणाला एकदम असह्य कळ आलीच, तर सोडा नको, बाम नको, ‘पाळी संपू दे’ तर मुळीच नको. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरला सांगायची वाक्यं दोनच: कळ एकदम आली. दोन्ही हातांचा दाब बघा.